आठशे तास

आठशे तास भरायचे होते.
वहीत रेघा आखूनच मिळाल्या होत्या:
तारीख, वेळ, ठिकाण, उपस्थित, शेरा.

ठिकाण: वडगाव, मागांच्या गल्लीचं तोंड,
बंद बोरिंगचा कट्टा.
वेळ मात्र माझ्या हातात नव्हती.
करंट गेला की खडखडाट थांबायचा,
कानात थोडा वेळ तसाच चालू राहायचा,
आणि पोरं कापसाचे तंतू केसांत घेऊन
गल्लीत सांडायची.
तेवढाच माझा तास.

उपस्थित: सात. मग आठ.
शिवाय मांजा गुंडाळत कोपऱ्यावर उभा एक,
ना आत, ना बाहेर.
त्याला मोजायचं का, म्हणून धारवाडला फोन लावला.
हुक्केरी मॅडम हसल्या, म्हणाल्या,
"अवन्न मोदलु बरी."
त्याला आधी लिही.

त्याआधी अकरा वर्षं मी हेच करत होते.
दहावी नापासांचे फॉर्म, भांडणं, पोलीस चौकी,
कुणाच्या बहिणीची चिठ्ठी, कुणाच्या बापाची बाटली.
त्याला तास नव्हते.
लोक म्हणायचे, बिर्ज्यांची प्रमिला, रिकामीच आहे.

चौथ्या सत्रात प्रश्न आला:
आपल्या कामातल्या एका चुकीविषयी लिहा.
मी रात्रभर चांगल्या चुका शोधल्या,
दिसायला बऱ्या अशा.
उशिरा गेले, जास्त जीव लावला, वगैरे.
पहाटे मग सिद्रायची थोबाडीत लिहिली.

पंक्चरची ट्यूब रुमालात धरून हुंगताना सापडला होता.
कट्ट्यावर, सगळ्यांदेखत मारली मी.
त्याची आई संध्याकाळी वाटीभर कुंदा घेऊन आली,
"बरं केलंस गं बाय."
मी खाल्लाही.
त्यानंतर तीन महिने वहीत त्याच्या नावापुढे
गैरहजर,
गैरहजर.
कारणाचा रकाना नव्हता, आणि मी पाडलाही नाही.

मराठीतच लिहिलं. कानडीत एवढं उघडं होता येईना.
मॅडम म्हणाल्या, चालेल, सासू माझी निपाणीची,
ती वाचून दाखवील.
म्हणजे कुणा अनोळखी म्हातारीनं
चष्मा पुसत, मोठ्यानं,
माझी थोबाडीत वाचली असणार.
वही परत आली. गुण नाहीत.
खाली लाल शाईत एकच शब्द:
"मुंदे?"
पुढं काय?

पुढं मी गेले.
तो टेंपोत साड्यांचे गठ्ठे चढवत होता.
म्हटलं, सिद्राय, माझं चुकलं त्या दिवशी.
"कुठल्या दिवशी?" म्हणाला,
आणि हात आपोआप गालावर गेला त्याचा.
दोघांनी पाहिलं ते.
मग मीही एक गठ्ठा उचलून दिला. जड होता.
बोलणं काही झालं नाही.
वहीत लिहिलं: वीस मिनिटं.

परवा सर्टिफिकेट आलं.
युवक व समुदाय कार्य, पदविका, द्वितीय श्रेणी.
बिर्जेचं बिरजी झालंय कानडीत, दुरुस्तीला अर्ज करायचा.
आईनं दोन्ही बाजूंनी बघितलं,
पगार कुठं लिहिलाय ते शोधलं असावं,
आणि रेशन कार्डाच्या पिशवीत घालून
फळीवर ठेवलं, तंतू बसणार नाहीत असं.
पोरांनी विचारलं, आता तुला अक्का म्हणायचं की मॅडम?
अक्काच म्हणा.
पण मारणार नाही, हे लिहून घ्या.
मागून कोणीतरी म्हणालं, "तारीख टाक खाली."

वहीची बावीस पानं उरली होती.
आज करंट गेला तेव्हा ती मांजावाल्यानं मागितली.
आता कट्ट्यावर बसतो तो, टोकाला, एक पाय खाली सोडून.
त्याच रेघांत मॅचचा स्कोअर लिहितोय.
उपस्थित: अकरा, एक उधार घेतलेला.
शेरा:
नो बॉल होता. भांडण चालू आहे.